शहराची वाहतूक हाकणारी यंत्रणा: रॅम्पवरच्या लाल दिव्यापासून जोडीने येणाऱ्या बसपर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यांवरच्या यंत्रणेबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यात कुतूहल थोडं आणि वैताग जास्त असतो. ते साहजिक आहे, कारण ही यंत्रणा नीट चालते तेव्हा कुणाला दिसत नाही आणि दिसते तेव्हा ती आपल्याला थांबवत असते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत, पुढे आडवळणाचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘बुद्धिमान वाहतूक प्रणाली’ म्हणजे नेमकं काय? कॅमेरे लावले की झालं का?

नाही. कॅमेरा हा त्यातला सगळ्यात ठळक दिसणारा भाग आहे, सगळ्यात महत्त्वाचा नव्हे. रस्त्यावर काय चाललंय ते सतत मोजायचं, त्यावरून पुढच्या काही मिनिटांत काय करायचं ते ठरवायचं आणि तो निर्णय सिग्नल, फलक, वेगमर्यादा किंवा चालकाच्या मोबाइलपर्यंत पोचवायचा, ही पूर्ण साखळी म्हणजे प्रणाली. पन्नास कॅमेऱ्यांची चित्रं भिंतीवर दिसतात पण त्यावरून एकही सिग्नल बदलत नाही, अशा ठिकाणी फक्त महागडा टीव्ही बसवलेला असतो.

ही यंत्रणा रस्ता रुंद करत नाही. आहे त्या रस्त्याची क्षमता वाया जाऊ नये एवढंच ती पाहते, आणि खाली येणारी बहुतेक उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

२. रस्त्यावर किती गाड्या आहेत हे यंत्रणेला कळतं कसं?

सगळ्यात जुनी आणि अजूनही भरवशाची पद्धत म्हणजे डांबरात खाच पाडून बसवलेलं तारेचं वेटोळं, ज्याला लूप डिटेक्टर म्हणतात. त्यातून वीज खेळवलेली असते. वर धातूची गाडी आली की वेटोळ्याचे विद्युत गुणधर्म बदलतात आणि कडेच्या पेटीतला नियंत्रक ते टिपतो. गाडीच्या वजनाचा याच्याशी काही संबंध नाही (म्हणूनच प्रश्न १८ उद्भवतो). ठरावीक अंतरावर दोन वेटोळी टाकली तर वेगही मिळतो.

याशिवाय खांबावरचे रडार, चित्रावरून गाड्या मोजणारे कॅमेरे, टोलचे टॅग वाचणारी यंत्रं आणि चालत्या मोबाइलमधून मिळणारी स्थाननोंद हेही वापरात आहे. मोबाइलवरून वेग चांगला कळतो, पण नेमक्या किती गाड्या गेल्या हे कळत नाही, कारण प्रत्येक गाडीची नोंद हाती येत नाही. मोजणीसाठी रस्त्यात काहीतरी बसवावंच लागतं.

लूपकडून मिळणारा सर्वांत कामाचा आकडा बहुतेकांना माहीत नसतो. ठरावीक वेळापैकी किती टक्के वेळ वेटोळ्यावर गाडी होती, तो आकडा. याला व्याप्ती म्हणू. रस्ता भरत चालला की व्याप्ती वाढत जाते आणि एका मर्यादेपलीकडे प्रवाह मोडतो. ती मर्यादा गाठण्याच्या जरा आधी हालचाल करणं हे नियंत्रण कक्षाचं खरं काम.

३. पुढे अपघात नाही, रस्त्याचं काम नाही, तरी गाड्या थांबतात. मग कोंडी येते कुठून?

कोंडीला कारण लागतंच असं नाही, पुरेशी दाटी झाली की बास. जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना ताशी सुमारे ३० किलोमीटरचा वेग राखायला सांगितलं. वळण नाही, सिग्नल नाही, अरुंद जागा नाही. थोड्याच वेळात कुणीतरी किंचित जास्त ब्रेक दाबला, मागच्याने त्याहून जास्त, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त, आणि गाड्यांचा एक थांबलेला पुंजका तयार झाला. २००८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

गाड्या पुढे जात होत्या आणि पुंजका मागे सरकत होता, हे त्यातलं पाहण्यासारखं. खऱ्या महामार्गावरही कोंडीची लाट साधारण ताशी १५ ते २० किलोमीटर वेगाने उलट दिशेने जाते. म्हणजे तुम्ही ज्या ब्रेकमुळे थांबलात तो कदाचित वीस मिनिटांपूर्वी पाच-सहा किलोमीटर पुढे कुणीतरी दाबला होता आणि तो माणूस एव्हाना घरी पोचला असेल.

४. एका लेनमधून तासाला किती गाड्या जाऊ शकतात? वेग वाढवला तर जास्त जातील ना?

चांगल्या महामार्गावर एका लेनमधून तासाला साधारण २००० ते २४०० गाड्या जातात, त्यापलीकडे गाडी रेटता येत नाही. दोन गाड्यांमध्ये दोन सेकंद धरले तर तासाला १८०० होतात, म्हणजे गर्दीच्या वेळी लोक त्याहूनही चिकटून चालवत असतात.

वेग वाढला की चालक पुढच्या गाडीपासूनचं अंतरही वाढवतो, त्यामुळे सर्वाधिक गाड्या सर्वाधिक वेगाला जात नाहीत. प्रवाह मध्यम वेगाला, ताशी ७० ते ९० किलोमीटरच्या आसपास कमाल असतो. आणि प्रवाह एकदा मोडून कोंडी झाली की तिच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या गाड्या मूळ क्षमतेपेक्षा साधारण ५ ते १५ टक्क्यांनी कमी असतात. रस्ता तोच, लेन तेवढ्याच, पण गाड्या कमी. हवी तेव्हा नेमकी क्षमता घटते, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. पुढच्या तीन-चार उत्तरांचा पाया हाच आहे.

५. महामार्ग मोकळा दिसतोय, तरी रॅम्पवर लाल दिवा कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि बहुतेकदा रागाने येतो.

रॅम्प म्हणजे महामार्गावर चढायचा जोडरस्ता. महामार्ग मोकळा दिसतोय *कारण* रॅम्पवर लाल दिवा आहे, हे थोडक्यात उत्तर. खालच्या सिग्नलवरून सुटलेल्या दहा-पंधरा गाड्यांचा घोळका एकदम महामार्गात घुसला की मुख्य प्रवाहातल्या गाड्यांना ब्रेक दाबावा लागतो आणि प्रश्न ३ मधली लाट सुरू होते. त्याच गाड्या काही सेकंदांच्या अंतराने एकेक सोडल्या तर त्या फटींमध्ये सहज सामावतात. नाट्यगृहाच्या दाराशी सगळे एकदम रेटले तर कुणीच बाहेर पडत नाही, तसंच हे.

शिकागोत १९६३ मध्ये आयझेनहॉवर एक्स्प्रेसवेवर याची सुरुवात झाली तेव्हा रॅम्पवर चक्क एक पोलीस उभा राहून गाड्या एकेक सोडत होता. दिवा नंतर आला.

याचा उपयोग होतो का, हे तपासण्याची एक दुर्मीळ संधी अमेरिकेतल्या मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरात मिळाली. तिथे लोकांची तक्रार एवढी वाढली की मिनेसोटाच्या विधिमंडळाने अभ्यासाचा आदेश दिला आणि २००० च्या शरद ऋतूत सुमारे ४३० रॅम्प मीटर (म्हणजे रॅम्पवरचे हे दिवे) काही आठवडे सरसकट बंद ठेवले. महामार्गांवरून जाणाऱ्या गाड्या सरासरी ९ टक्क्यांनी कमी झाल्या, गर्दीच्या वेळचे अपघात २६ टक्क्यांनी वाढले आणि प्रवासाला किती वेळ लागेल याची अनिश्चितता जवळपास दुप्पट झाली. रॅम्पवर वाचलेली मिनिटं महामार्गावर व्याजासकट गेली.

पण तक्रार करणारेही पूर्ण चुकीचे नव्हते. ते प्रश्न ७ मध्ये.

६. किती सेकंदांनी एक गाडी सोडायची, हे कोण ठरवतं?

जुन्या ठिकाणी वेळापत्रक ठरलेलं असतं, सकाळी इतके सेकंद, संध्याकाळी तितके. सुधारित पद्धतीत रॅम्प जिथे मिळतो त्याच्या जरा पुढे महामार्गावरची व्याप्ती (प्रश्न २) मोजतात. ती ठरवलेल्या आकड्याहून कमी असेल तर गाड्या थोड्या जास्त सोडायच्या, जास्त असेल तर कमी. मार्कोस पापागेओर्गिऊ आणि सहकाऱ्यांनी बसवलेली ‘अलिनिया’ ही पद्धत एवढीच आहे, एका ओळीत मावणारी, आणि पॅरिसच्या पेरिफेरिक या वर्तुळाकार मार्गावर आजमावल्यानंतर ती अनेक देशांत गेली. तिच्याहून किचकट पद्धती भरपूर आहेत. साध्या पद्धतीचा मोठा फायदा असा की ती बिघडली तर कुठे बिघडली ते कळतं.

७. रॅम्पवरची रांग खालच्या चौकापर्यंत आली तर? शिवाय लांबून येणाऱ्यांसाठी आम्ही जवळच्यांनी का थांबायचं?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. रॅम्पच्या मागच्या टोकाला आणखी एक डिटेक्टर असतो. रांग तिथवर आली की मीटर वेग वाढवतो किंवा काही वेळ हिरवाच राहतो. महामार्ग वाचवण्यासाठी शहरातला चौक तुंबवण्यात अर्थ नाही.

दुसरा भाग खरोखर अवघड आहे. दूरच्या उपनगरातून येणारा आधीच महामार्गात शिरलेला असतो आणि त्याला मीटर कमी वेळा आडवा येतो. शहराजवळचा, ज्याचा प्रवासच छोटा, तो मात्र रॅम्पवर ताटकळतो. एकूण बेरीज सगळ्यांच्या फायद्याची असली तरी वाटणी समान नसते. वर सांगितलेल्या जोडशहरात मीटर परत सुरू झाले ते नवे नियम लावून, साध्या रॅम्पवर कुणालाही ४ मिनिटांपेक्षा जास्त आणि एका महामार्गावरून दुसऱ्यावर जाताना २ मिनिटांपेक्षा जास्त थांबवायचं नाही. थोडी कार्यक्षमता सोडून लोकांचा विश्वास मिळवला आणि माझ्या मते हा सौदा योग्य होता. गणिताने सिद्ध झालेली पण लोकांना न पटलेली यंत्रणा टिकत नाही.

८. समोर रस्ता रिकामा, तरी वरच्या फलकावर ६० ची मर्यादा. हा बिघाड असतो का?

कधीकधी असतो. बहुधा नसतो. दोन-तीन किलोमीटर पुढे, वळणापलीकडे रांग तयार झालेली असते आणि तुम्ही १०० च्या वेगाने तिच्या शेपटीवर जाऊन आदळू नये म्हणून आधीच वेग उतरवतात. कारण दिसण्याआधी सूचना येते, त्यामुळे ती विनाकारण वाटते.

सगळ्यांचा वेग सारखा ठेवणं हा दुसरा हेतू. वेगातला फरक कमी झाला की लेन बदलण्याची घाई कमी होते आणि ब्रेकच्या लाटा कमी उठतात. लंडनच्या एम २५ या वर्तुळाकार मार्गावर १९९५ पासून बदलत्या वेगमर्यादा आहेत. इथला फायदा मुख्यतः सुरक्षिततेत आणि प्रवास नितळ होण्यात दिसतो, वेळेची बचत फार मोठी नसते. ती मोठी असल्याचं सांगणाऱ्याकडे जरा संशयाने पाहा.

आणि हो, रांग ओसरूनही फलक दहा मिनिटं तसाच राहिला तर तो दोषच. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी खरी सूचनाही कुणी पाळत नाही.

९. गर्दीच्या वेळी कडेची राखीव पट्टी वाहतुकीला उघडतात. हे धोक्याचं नाही का?

ती पट्टी बंद पडलेल्या गाडीसाठी असते, त्यामुळे शंका रास्त आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या एम ४२ वर २००६ मध्ये हे सुरू केलं तेव्हा ठरावीक अंतरावर आसऱ्याच्या जागा, लेननिहाय फलक, कॅमेऱ्यांची पाहणी आणि कमी वेगमर्यादा असा सगळा सरंजाम होता, आणि पट्टी गरजेपुरतीच उघडत असे. पुढे इतर रस्त्यांवर ही पट्टी कायमचीच लेन केली गेली. बंद पडलेली गाडी चालत्या लेनमध्ये उभी राहण्याच्या भीतीने लोकांचा विश्वास उडाला आणि एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने असे नवे रस्ते रद्द केले. खर्च आणि लोकांचा अविश्वास, ही दोन्ही कारणं सरकारने दिली.

१०. फलकावर ‘१२ मिनिटं’ लिहिलं होतं, मला २० लागली. खोटं का लिहितात?

फलक खोटं बोलत नसतो, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत असतो. बहुतेक फलक रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर *आत्ता* किती वेळ लागतोय ते मोजून बेरीज दाखवतात. पण शेवटच्या तुकड्यावर तुम्ही आत्ता नसता, दहा मिनिटांनी असणार असता. कोंडी वाढत असेल तर फलक नेहमी कमी वेळ सांगतो, ओसरत असेल तर जास्त. म्हणून सकाळी गर्दी चढताना फलकाच्या आकड्यात स्वतःची भर घाला आणि उतरताना त्याचं फार मनावर घेऊ नका.

टॅग किंवा नंबरप्लेट दोन ठिकाणी वाचून खरा लागलेला वेळ काढणारी पद्धतही आहे. ती अचूक असते, पण प्रवास *संपलेल्या* गाडीबद्दल सांगते, म्हणजे बातमी शिळी.

११. मोबाइल आतल्या गल्लीतून जायला सांगतो. ऐकावं का?

एकट्याने ऐकलं तर वेळ वाचतो. पाचशे जणांनी ऐकलं तर गल्ली तुंबते, मग अॅप सगळ्यांना परत महामार्गावर ढकलतं आणि दोन्हीकडे हेलकावे सुरू होतात. शिवाय गल्लीतल्या सिग्नलची वेळ गल्लीच्या गर्दीपुरती बेतलेली असते आणि नियंत्रण कक्षाला हा लोंढा येतोय याची कल्पनाही नसते. पूर्ण रस्ताच बंद असेल तर पर्यायी मार्ग जरूर घ्या. तीन-चार मिनिटं वाचत असतील तर माझं मत, मुख्य रस्ता सोडू नका. त्या अंदाजात तेवढी चूक असतेच.

१२. एक छोटी धडक होते आणि तासभर खोळंबा होतो. एवढा का?

तीन लेनपैकी एक अडली तर क्षमता एक तृतीयांश घटेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती जवळजवळ निम्म्यावर येते, कारण उरलेल्या लेनमधले लोक वेग कमी करून वळून पाहतात. अपघातग्रस्त गाडी कडेला घेतली तरी बघ्यांमुळे क्षमता सहावा हिस्सा तरी घटते. दुसरं म्हणजे, अडथळा हटला तरी साचलेली रांग हळूहळूच उपसते. अडलेल्या लेनच्या दर मिनिटामागे हटवल्यानंतरचा सुमारे चार मिनिटांचा खोळंबा, असा ढोबळ आडाखा वाहतूक व्यवस्थापनात वापरतात.

म्हणून गाडी लवकर ओढून नेणारं पथक ही या सगळ्या प्रणालीतली सर्वांत कमी झगमगीत आणि बहुधा सर्वांत फायद्याची गुंतवणूक असते. टोइंगच्या गाडीचं उद्घाटन करायला मात्र कुणी येत नाही.

१३. शहरातले सगळे सिग्नल एकमेकांशी जोडले तर कोंडी संपेल का?

कमी होईल. संपणार नाही. लॉस एंजेलिसने १९८४ च्या ऑलिम्पिकच्या वेळी ही यंत्रणा सुरू केली आणि २०१३ पर्यंत सुमारे ४४०० सिग्नल, म्हणजे शहरातले सगळेच, तिला जोडले. लॉस एंजेलिसची कोंडी आजही प्रसिद्ध आहे.

हिरव्या दिव्यांची सलग साखळी एका दिशेने छान जमते. समोरून येणाऱ्यांसाठीही जमवायची तर चौकांमधली अंतरं सोयीची असावी लागतात, आणि आडव्या रस्त्यांनाही तसंच हवं असतं. सिडनीत तयार झालेली ‘स्कॅट्स’ आणि ब्रिटनमध्ये तयार झालेली ‘स्कूट’ या १९७० च्या दशकातल्या पद्धती मोजणीवरून वेळा सतत थोड्याथोड्या बदलतात आणि आजही जगभर चालू आहेत. चौकाची क्षमता संपेपर्यंत त्या कामाच्या. ती संपल्यावर कुठलीही पद्धत फक्त रांग कुठे उभी करायची एवढंच ठरवते.

१४. बसला सिग्नल लवकर हिरवा मिळतो असं ऐकलं. मग आमची बस प्रत्येक चौकात का थांबते?

बस-प्राधान्य म्हणजे हक्काचा हिरवा नव्हे. बस जवळ येताना दिवा हिरवा असेल तर तो काही सेकंद लांबवतात, लाल असेल तर जरा लवकर संपवतात. चौकाचं चक्र मोडत नाहीत. अग्निशमन गाडी किंवा रुग्णवाहिकेसाठी चालू चक्र तोडून थेट हिरवा देतात, ती वेगळी सोय. बऱ्याच ठिकाणी वेळेवर असलेल्या बसला प्राधान्य मिळतच नाही, फक्त उशीर झालेल्या बसला मिळतं. कारण प्रश्न १५ मध्ये.

आणखी एक घोळ रस्त्याच्या रचनेतच असतो. थांबा सिग्नलच्या *अलीकडे* असला तर प्रवासी चढायला किती वेळ लागेल हे यंत्रणेला सांगता येत नाही. दिवा बससाठी हिरवा धरून ठेवतात आणि बस दार उघडून उभी. थांबा चौकाच्या पलीकडे हलवला की तीच यंत्रणा अचानक हुशार वाटायला लागते.

१५. अर्धा तास बस नाही आणि मग तीन एकदम. आळस की कारस्थान?

दोन्ही नाही. एखाद्या बसला दोन मिनिटं उशीर झाला की पुढच्या थांब्यावर तेवढे जास्त प्रवासी जमलेले असतात, त्यांना चढवायला जास्त वेळ लागतो, उशीर वाढतो, त्यापुढच्या थांब्यावर आणखी प्रवासी. मागच्या बसला मात्र उरलेसुरले चार जण मिळतात, ती भराभर पुढे येते आणि पहिलीच्या पाठीला येऊन चिकटते. जी. एफ. नेवेल आणि आर. बी. पॉट्स यांनी १९६४ मध्येच हे गणितात मांडलं होतं. बसचं वेळापत्रक मुळात डळमळीत असतं, हात न लावता सोडलं तर ते मोडणारच.

उपाय म्हणजे प्रत्येक बसचं ठिकाण सतत माहीत असणं आणि अंतर घटू लागलं की मागचीला जरा थांबवणं, पुढचीला सिग्नलवर मदत करणं. ज्या मार्गावर दर पाच-सात मिनिटांनी बस आहे तिथे वेळापत्रक पाळण्यापेक्षा दोन बसमधलं अंतर पाळणं महत्त्वाचं. प्रवाशाला ८.१७ ची बस हवी नसते, पुढची हवी असते.

१६. मेट्रो स्टेशनात दार उघडं ठेवून उगाच उभी राहते. पुढे तर काहीच नाही!

पुढे काही नाही म्हणूनच. पुढची गाडी दूर गेलेली असेल, पण *मागची* अडकलेली असू शकते. तुमची गाडी तशीच पुढे गेली तर मधली फट वाढते, मागच्या गाडीवर दुप्पट गर्दी येते आणि ती आणखी रखडते. प्रश्न १५ मधलाच आजार, फक्त रुळांवर.

गाड्या किती जवळ चालवता येतात हे सिग्नल यंत्रणेवर ठरतं. जुन्या पद्धतीत रुळांचे ठरावीक तुकडे असतात आणि एका तुकड्यात एकच गाडी. नव्या पद्धतीत गाडी आपलं ठिकाण रेडिओवरून सतत कळवते, त्यामुळे मागची गाडी तिच्या ब्रेकच्या अंतराएवढी जवळ येऊ शकते. लंडनच्या व्हिक्टोरिया मार्गावर २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या धावतात, म्हणजे दर १०० सेकंदांनी एक. अशा मार्गावर एका दारात अडकलेली पिशवी पुढच्या पाच गाड्यांना भोवते.

१७. बस लेन रिकामी पडलेली दिसते आणि शेजारी आम्ही कोंडीत. ती सगळ्यांना उघडा ना.

रिकामी दिसते कारण ती चालते. मिनिटाला एक बस आणि तीत ५० माणसं धरली तर तासाला ३००० माणसं झाली. सिग्नल असलेल्या रस्त्यावर एका लेनमधून तासाला ७०० मोटारी गेल्या आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस असला तर हजाराच्या आसपास. न्यूयॉर्कच्या लिंकन बोगद्याकडे जाणारी बसची लेन १९७० पासून सकाळी उलट दिशेच्या रस्त्यातून काढतात आणि चार तासांत सुमारे १८०० बस तीतून जातात. एवढं काम शेजारच्या कुठल्याही लेनला झेपणार नाही.

पण तासाला चारच बस जात असतील तर तुमची तक्रार खरी. तिथे लेन राखून ठेवण्याऐवजी फक्त चौकाजवळ बसला रांग ओलांडता येईल एवढा तुकडा दिला तरी भागतं.

१८. माझी सायकल सिग्नलला ‘दिसत’च नाही. रात्री किती वेळ थांबायचं?

लूप डिटेक्टरला मोठा धातूचा पत्रा सहज कळतो, सायकलची चाकं मुश्किलीने. डांबरात बुजवलेल्या खाचेच्या काळ्या रेघा दिसत असतील तर वेटोळ्याच्या मधोमध न थांबता चाकं त्या रेघेवर येतील असं थांबा, तिथे संवेदन सर्वांत तीव्र असतं. कार्बन फ्रेम असली तरी धातूच्या रिममुळे बहुधा चालून जातं. तरीही नाही जमलं तर नियंत्रकाची संवेदनक्षमता वाढवता येते, हे पाच मिनिटांचं काम असतं, पण कुणीतरी कळवावं लागतं.

१९. थांब्यावरचा फलक ‘२ मिनिटं’ म्हणतो आणि मग बस गायब होते. असं का?

फलकावरचे काही आकडे प्रत्यक्ष बसच्या स्थानावरून येतात आणि काही नुसत्या वेळापत्रकावरून. बसचं यंत्र बंद असेल किंवा फेरीच रद्द झाली असेल, तर फलक वेळापत्रकातली काल्पनिक बस इमानेइतबारे मोजत राहतो आणि वेळ उलटली की ती पुसून टाकतो. चांगले फलक दोन्हींत चिन्हाने फरक दाखवतात. रद्द फेरी यंत्रणेत रद्द म्हणून नोंदवणं हा खरा इलाज, आणि ते काम तंत्राचं कमी, आगारातल्या शिस्तीचं जास्त.

२०. गर्दीच्या वेळी शहरात शिरणाऱ्या गाड्यांकडून पैसे आकारून खरंच फरक पडतो की फक्त वसुली?

फरक पडतो, आणि तो लवकर दिसतो. सिंगापूरने १९७५ मध्ये कागदी परवान्यांनी सुरुवात केली आणि १९९८ मध्ये ते इलेक्ट्रॉनिक केलं. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने प्रयोग केला, तेव्हा शुल्कहद्दीतून जाणाऱ्या गाड्या साधारण पाचव्या हिश्शाने घटल्या. प्रयोग थांबताच बऱ्याचशा गाड्या परत आल्या. मग जनमत घेऊन २००७ मध्ये शुल्क कायम केलं. कोंडी फुटायला सगळ्यांनी गाडी सोडावी लागत नाही, मर्यादेवरचे थोडे कमी झाले तरी प्रवाह सावरतो (प्रश्न ४).

२१. सर्व्हर बंद पडला किंवा कुणी घुसखोरी केली, तर दोन्ही बाजूंना एकदम हिरवा लागू शकतो का?

चौकातल्या पेटीत एक स्वतंत्र पहारेकरी उपकरण असतं. एकमेकांना छेदणाऱ्या दिशांना एकाच वेळी हिरवा मिळतोय असं दिसलं की ते मुख्य नियंत्रकाला बाजूला सारतं आणि सगळे दिवे लुकलुकत्या स्थितीत टाकतं. ते मध्यवर्ती संगणकावर अवलंबून नसतं. संपर्क तुटला तर चौक स्वतःकडे साठवलेल्या ठरावीक वेळांवर चालत राहतो. त्यामुळे अडचण बहुधा अपघाताची नसते, वाईट वेळांची असते.

२२. एवढा खटाटोप करण्यापेक्षा एक लेन वाढवणं सोपं नाही का?

वाढवलेली लेन काही काळ मोकळी वाटते. मग वेळ बदलून जाणारे, दुसऱ्या रस्त्याने जाणारे आणि बसने जाणारे तिच्यावर परत येतात. अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये याला गर्दीच्या वेळचा नियमच म्हटलं होतं. त्याहून चक्रावणारी गोष्ट डीट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये दाखवली. काही जाळ्यांमध्ये नवा रस्ता जोडल्याने *सगळ्यांचाच* वेळ वाढू शकतो, कारण प्रत्येक जण आपल्यापुरता जवळचा मार्ग निवडतो. लेन कधीच वाढवू नये असं नाही. पण जिथे रस्ता एकाच ठिकाणी आवळला गेलाय तिथे दोनशे मीटरचा विलीनीकरणाचा पट्टा वाढवणं हे दहा किलोमीटर लेनपेक्षा उपयोगी ठरू शकतं.

२३. चालकाविना चालणाऱ्या गाड्या आल्या की हे सगळं मोडीत निघेल ना?

लगेच नाही. ॲरिझोनात गोल रस्त्यावर वीसएक गाड्यांमध्ये एकच संगणकाने चालवलेली गाडी सोडली, तेव्हा तिने सावध वेग राखून थांबा-चालाच्या लाटा जवळपास विरवल्या. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ही आशेची बाजू.

दुसरी बाजू अशी की आज बाजारात मिळणारी, पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारी सोय अनेकदा माणसापेक्षा मोठं अंतर सोडते, म्हणजे लेनमधून तासाला कमी गाड्या जातात. शिवाय तपासलेल्या अनेक गाड्यांमध्ये पुढच्याचा छोटा ब्रेक मागे जाताना मोठा होत गेल्याचं आढळलं. आणि गाडी कुणीही चालवो, रॅम्पवरून पंधरा गाड्यांचा घोळका एकदम आला तर त्यांना शिरायला फट लागेलच. तिथला लाल दिवा बराच काळ राहणार आहे.